इंजिनाचा खांदा

सन १९५६, पोळ्याचा आदला दिवस. स्थळ : चामोर्शीजवळचं आमचं शेत. हजर : मी, आई, सालदार लखमा, दोन बैल आणि त्याच वर्षी घेतलेलं तेलाचं इंजिन. (इंजिनाला हजेरीत धरायचं की नाही, यावरूनच पुढचं सगळं घडलं.)

पावसानं बारा दिवस दडी मारली होती. खालच्या बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातलं, धान पोटरीवर आलेलं आणि जमिनीला भेगा. बोडीत, म्हणजे शेताच्या छोट्या तळ्यात, पाणी होतं, ते इंजिनानं उपसून बांधीत सोडायचं होतं. वहीत मी कामं क्रमानं लिहिली होती : एक, बैलांची खांदशेकणी, दोन, बैलांना आवतन, तीन, उद्या दिवसभर इंजिन.

बैलांच्या खांद्यांना हळदीचं लोणी चोळून झालं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं दोघांच्याही कानात सांगून झालं. मी वहीत खुणा केल्या. तेवढ्यात आईनं इंजिनाकडे बोट दाखवलं.

"अन् याले?"

"आई, ते लोखंड आहे. त्याले खांदा नसते."

"बैलाचं काम करून राह्यला ना तो? मंग दोन शब्द बोलाले तुहं तोंड दुखते का?"

मी तिला यंत्र आणि जनावर यांतला फरक समजावून सांगितला. बराच वेळ. लखमा मान डोलवत होता. (ती आईच्या बाजूनं डोलत होती, हे मला नंतर कळलं.)

दोघं घराकडे गेल्यावर पाहिलं, तर वाटीत लोणी उरलेलं. वाया कशाला घालवायचं? शिवाय, खरं सांगायचं तर, बांधी वाळत असताना कुणाशीच वाकडं नको असंही वाटलं. पण लावायचं कुठे? मी पद्धतशीर विचार केला. बैल जू जिथे पेलतो तो त्याचा खांदा. तर इंजिन पंपाचा पट्टा जिथे पेलतं तो इंजिनाचा खांदा. म्हणजे चाक! चाकाला सगळं लोणी चोळून, हात धुऊन घरी आलो.

सकाळी हँडल मारताच इंजिन सुरू झालं. पंप मात्र ढिम्म. पट्टा चाकावर नुसता घसरत होता.

"रुसला," आई म्हणाली.

लखमाच्या मते आत काहीतरी तुटलं होतं, गावातून मिस्त्री आणावा लागणार होता. पण पोळ्याला बैल जुंपत नाहीत. म्हणजे उद्या बैलबंडी, परवा मिस्त्री आणि तोवर धानाचं गवत. मी भेगांकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"मिस्त्री नको," मी म्हणालो. "चाकाले लोणी लागलं आहे. मीच लावलं."

लखमानं चाकावरून बोट फिरवलं. ते पिवळं झालं.

"हळदीसकट लावलं जी, भाऊ?"

चुलीतली राख आणून चाक आणि पट्टा घासला. पंप फिरला, पाणी बांधीत उतरलं, भेगा बुजू लागल्या. सुटलो असं मला वाटलं.

"लोणी लावलं," आई म्हणाली, "पण आवतन देलं का?"

"नाई."

"म्हंजे सणाच्या दिवशी बिनआवतनाचं जुंपलं त्याले."

त्याच दिवशी वहीत चौथं काम लिहिलं : इंजिनाला आवतन देणे. तीन पोळे झाले, पुढे खूण नाही. शब्द पाठ आहेत, मनाची तयारीही आहे, फक्त ऐकायला कुणी नको. पण आदल्या दिवशी मी शेतावर पोचतो, तेव्हा लखमा आधीच राखेचं टोपलं घेऊन इंजिनाशेजारी पहाऱ्याला बसलेला असतो!