नापसंती शिकवणारे सर

सरांकडे पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा ताटात तरोट्याची भाजी होती. मी वर्ध्याकडचा, अड्याळच्या शाळेत गणित शिकवायला नुकताच आलेलो. ही रानभाजी मी कधी खाल्ली नव्हती. कशी वाटली, असं सरांनी इंग्रजीत विचारलं. आपणही काही कमी नाही हे दाखवायला मी छाती काढून म्हणालो, "आय हेट इट."

सरांनी उचललेला घास ताटात परत ठेवला आणि डाव्या हाताचं बोट वर केलं.

"द्वेष? तरोट्यानं तुमचं काय बिघडवलं, मास्तर? मोजून बोला."

भाजी स्वतः सरांनीच रांधलेली होती, हे मला नंतर कळलं. सर एकटे राहत.

मग जेवण तसंच ठेवून त्यांनी मला नावडीच्या पायऱ्या शिकवल्या. 'आय डोन्ट मच केअर फॉर इट' म्हणजे नसली तरी चालेल. 'आय ॲम नॉट फॉन्ड ऑफ इट' म्हणजे वाढली तर खाईन, पण पुन्हा मागणार नाही. 'आय डिसलाइक इट' म्हणजे आवडत नाही, विषय संपला. 'आय कान्ट स्टँड इट' म्हणजे ताट हलवा. आणि सगळ्यात वर 'डिटेस्ट', म्हणजे मनापासून तिटकारा. "तो शब्द कुलपात ठेवायचा. जन्मात दोनदा काढायचा," सर म्हणाले. मी घाबरून पहिल्या पायरीवर उतरलो. त्यांनी पळीभर भाजी आणखी वाढली.

इंग्रजीचे सर तुम्हीही पाहिले असतील. कोणी स्पेलिंगसाठी मारतं, कोणी व्याकरणासाठी. आमचे सर नापसंती शिकवत. ते मध्यप्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्याचे, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी. पण इंग्रजी बोलू लागले की प्रत्येक शब्द पारखून घेत.

"आपल्या लोकाइले नाही म्हनताच येत नाही, मास्तर," ते म्हणत. "एक तं 'पाहू' म्हनतील, नाही तं सीधं भांडन. मधात काहीच नाही. पोरं निदान इंग्रजीत तरी शिकून घेतील."

एकदा निबंधात एका मुलाने लिहिलं, आय डिसलाइक अवर इंग्लिश टीचर. हेडमास्तर संतापले. सरांनी त्याला दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण आवडत नाही याचं कारण त्याने लिहिलं नव्हतं.

सर ज्यांच्या घरात भाड्याने राहत, त्या घरमालकांची मुलगी मंदा. तळ्याखाली त्यांची धानाची शेती, गावात वजन. मंदा सरांच्याच वर्गातून मॅट्रिक झाली होती. तिला भंडाऱ्याला जाऊन डी.एड. करायचं होतं, पण हे ती फक्त सरांपाशी बोलली होती. बापापुढे मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

आणि अशा मुलीला मी स्थळ आणलं. माझाच मावसभाऊ, कचेरीत कारकून. मुलगी इंग्रजी बोलते, असं मीच फुशारकीने कळवलं होतं. लग्नानंतर शिक्षण बंद, ही आमच्या मामांची अट होती. ती मी निरोपात पोचवलीही होती. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

बैठकीत मंदाला सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं. मग मामा मोठ्या मजेत म्हणाले, "पोरगी इंग्रजी शिकली म्हने. मंग सांग बरं इंग्रजीत, पोरगा कसा वाटला तं?"

सगळे हसले. मराठीत हा प्रश्न कोणी कोणत्या मुलीला विचारला नसता.

मंदाने कोपऱ्यात बसलेल्या सरांकडे पाहिलं. सरांनी डाव्या हाताचं बोट जरासं उचललं. मंदा सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलली, "आय हॅव नथिंग अगेन्स्ट हिम. बट आय डू नॉट विश टू मॅरी हिम."

"वा," मामा म्हणाले. "फर्राट बोलते पोरगी." माझ्या मावसभावाचे कान मात्र लाल झाले होते. मामा सरांकडे वळले. "काय म्हनली, सर?"

मी सरांचा गुडघा दाबला. चांगलं काहीतरी सांगा, एवढीच माझी विनवणी होती. घरमालकही सरांकडे पाहत होते. सरांच्या डोक्यावरचं छप्पर त्यांचंच होतं. एक गोड थाप मारली असती, तर त्या संध्याकाळी सुपारी फुटली असती.

सर शांतपणे म्हणाले, "मुलाबद्दल तिची काही तक्रार नाही. पण तिले हे लग्न करायचं नाही."

"पोरीले कोनी इचारलं?" मामा गरजले.

"तुम्हीच इचारलं, मामासाहेब. आत्ताच."

शेवटी मावसभाऊच उठला. "चला, मामा. तिचं बरोबर आहे." मी त्यांच्यामागे चपला शोधत बाहेर पडलो, तर एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात मामांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर सर गाठोडं बांधत होते. दारात घरमालक उभे.

"खोली कायले सोडता, सर?"

"तुमच्याच घरात बसून तुमची बैठक मोडली."

घरमालक चौकटीला टेकले. मग म्हणाले, "मले ठाऊकच नव्हतं. माह्या पोरीनं मले कालपावतो आपल्या भाषेत एवढं कधी सांगितलं नाही. काल राती पहिल्यांदा बोलली, भंडाऱ्याले शिकाचं म्हनते. आता तिले कधी पोचवाचं, तेवढं सांगा."

सरांनी गाठोड्याची गाठ सोडली.

मंदा डी.एड. झाली, पवनीच्या शाळेत शिकवू लागली. पुढे तिने लग्न केलं ते पसंत पडल्यावरच. तिच्या वर्गातल्या पोरी फळ्यापाशी उभ्या राहून 'हे मला आवडत नाही' असं ठणकावून सांगतात आणि लगेच कारणही देतात, असं ऐकून सर निवृत्तीनंतर एकदा बपेऱ्याहून मुद्दाम पवनीला गेले. परतताना अड्याळच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून मला ओरडून म्हणाले, "मास्तर, पोरी माह्यापेक्षा चांगलं बोलून राहिल्या." ते त्यांचं शेवटचं दर्शन. पुढच्या हिवाळ्यात सर गेल्याची बातमी आली.

त्या संध्याकाळी मी बायकोला हीच गोष्ट पुन्हा सांगितली. आधी निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी तिने नुसती ऐकून घेतली होती. त्या दिवशी मेथी निवडता निवडता तिने मान वर केली.

"आमच्या गावी असे सर नव्हते," ती म्हणाली. "म्हणून तं तुमचं जमलं."