दुधावर घातलेला आळ

निजामाच्या राज्यातली गोष्ट. साखरा गावी आमच्या शेतात एका धनगराची मेंढरं बसवली होती. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढरं बोलवायचे आणि बदल्यात ज्वारी द्यायचे. मी शेतात गेले की धनगरीण मला पेलाभर दूध हमखास द्यायची.

माझा भाऊ मुंबईच्या गोदीत कामाला होता. तो भेटायला आला तेव्हा वाळवलेल्या तिसऱ्यांची पुरचुंडी घेऊन आला. तिसऱ्या म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांतलं मांस. आमचे सासरे माळकरी, घरात अंड्याचंसुद्धा नाव काढायची सोय नव्हती. भाऊ गेल्यावर मी शेतात तीन दगडांवर गाडगं चढवलं, सगळ्या तिसऱ्या एकटीनं खाल्ल्या आणि गाडगं काट्यात फेकून दिलं. कुणी उपाशी ठेवलं नव्हतं मला. जिभेची चटक, दुसरं काय!

वरून दूध प्याले. घटकाभरात ओठांना मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, पाय लटपटायला लागले. धनगरीण धावत आली, तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात सासरे आले.

"काय खाल्लं, सूनबाई?"

जीभ जड झाली होती हे खरं, पण डोकं ठिकाणावर होतं; तिसऱ्याच बाधल्या हे कळत होतं. मी हात उचलून दुधाच्या पेल्याकडं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी उठून बसले. तोवर सासऱ्यांनी मेंढरं हाकलून दिली होती. धनगरिणीचं दूध बाधलं, ही बोंब पार जवळा बाजार गावापर्यंत गेली. जिच्या मांडीवर पडले होते, तिच्यावरच आळ घातला मी. आजही सांगताना मान वर होत नाही.

वर्षभरानं औंढ्याला नागनाथाच्या देवळापाशी ती दिसली. मी तोंड चुकवत होते, तिनंच गाठलं.

"मला ठावं व्हतं, बाई. तुमच्या तोंडाला मासळीचा वास येत व्हता. बोलले असते तर तुमाला घरातून काढलं असतं, म्हून गप राह्यले. पण आता आमची मेंढरं कोनीच बसू देईना. लेकरायचे हाल होऊन राह्यले. सासऱ्याला तेवढं सांगा, दूध बराबर व्हतं म्हून."

"व्हय, सांगते. नागनाथाची आण," मी म्हणाले.

सासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. रोज दोन्ही वेळा त्यांना मीच वाढायची. मी सांगितलं नाही.