मामंजींचं प्रस्थान आणि सरकलेली वेस

ये ग मुक्ते, अशी जवळ येऊन बैस. पत्र वाचतानासुद्धा माणसानं जवळ बसावं. आणि ते तोंड आधी सरळ कर! इंग्लंड त्या युरोपच्या संघातून बाहेर पडलं, म्हणून ब्राउनश्वाइगहून लंडनला सहलीला जाताना तुला पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागलं. यावर तू फोनवर इतका वेळ रडलीस की माझी तव्यावरची पोळी करपली. रांगेची दुःखं मला सांगू नयेत. आमच्या मामंजींचा पासपोर्ट एकदा जागचा न हलता परदेशी गेला होता.

मामंजी म्हणजे माझे सासरे. साताऱ्याला हेडमास्तर होते. मी नवी नवरी, झारब्रुकनला राहत होते. हे तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचे. (लोखंड तापवून गार केल्यावर त्याला काय वाटतं, असा काहीतरी विषय होता. मी दरवर्षी विचारायची, हे दरवर्षी सांगायचे, उपयोग झाला नाही.)

हा झारलांड प्रांत मोठा गमतीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो फ्रान्सच्या बाजाराला जोडलेला. माणसं बोलायची जर्मन आणि पाकिटात फ्रँक! मग प्रांत जर्मनीत आला, पण बाजार तिकडेच राहिला. म्हणजे पोर माहेरी परत आली, पण तिचं कपाट अजून सासरीच, तशातली गत. फ्रान्सची हद्द ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. रविवार आला की अख्खं झारब्रुकन हद्दीपलीकडच्या मादामच्या कॅफेत जाऊन बसायचं. हद्दीवर एक शिपाई होता म्हणा. तो टोपीला हात लावायचा, आपण छत्री हलवायची. झाला परदेश प्रवास! मी तर आठवड्यातून दोनदा काखेत लांबडा पाव मारून परदेशातून परत यायची.

त्यामुळे घरी कोणी पाहुणा आला की मीच त्याला हद्द दाखवायला न्यायची. "सीमा, कस्टम, हे सगळं पुस्तकातलं हो," असं मी अगदी अधिकारानं सांगायची. (जर्मन मला तेव्हा बटाटे आणि कांदे एवढ्यापुरतंच येत होतं, पण अधिकाराला भाषा लागत नाही.)

मामंजी शिक्षकांच्या कसल्याशा मंडळाबरोबर इंग्लंडला आले होते. परतताना आठवडाभर म्हणून आमच्याकडे उतरले, ते तीन आठवडे राहिले. दीड खोली, त्यातल्या एकीत मामंजी, अर्धीत आम्ही. आता फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून त्यांची बोट होती. ती चुकली की पुढची कधी मिळेल देव जाणे, आणि तिकडे सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसलेला. डॉक्टर तयार, इस्पितळ तयार, पण सासूबाई म्हणत होत्या, "हे घरी आल्याशिवाय माझ्या डोळ्याला कोणी हात लावायचा नाही." तेव्हा बोट गाठणं म्हणजे काय होतं, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

निघायचं सोमवारी. मामंजींनी पंचांग उघडलं आणि मिटलं.

"सोमवारी अमावस्या आहे. निघता येणार नाही."

"अप्पा," हे म्हणाले, "अमावस्या पुण्याची की इथली?"

"चंद्र एकच असतो रे! तुला डॉक्टरेट कोण देतंय?"

मग तोडगाही मामंजींनीच काढला. प्रस्थान ठेवायचं! तुम्हा पोरींना माहीत नसेल. जायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं गाठोडं वेशीबाहेर कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग अमावस्येला ते नुसतं उचलून पुढे जायचं, अमावस्या काही बोलत नाही.

"पण इथे वेस कुठली?" मामंजी म्हणाले.

"मामंजी, फ्रान्स!" मी म्हटलं. माझ्याइतकी हुशार सून त्या खंडात दुसरी नव्हती.

शुक्रवारी सकाळी हे लोखंड तापवायला गेले आणि आम्ही दोघं प्रस्थान घेऊन निघालो. गाठोड्यात हळदीचे तांदूळ, सुपारी, एक धोतर. आणि गाठ मारता मारता मामंजींनी कोटाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट काढून आत सारलं.

"मामंजी, हेही?"

"सूनबाई, ज्याच्यावाचून प्रवासात पाऊल निघत नाही, ती वस्तू प्रस्थानात हवी. पूर्वी तलवार ठेवत."

शास्त्रच ते! मी मान डोलावली. शिपायानं टोपीला हात लावला, मी छत्री हलवली. मादामनं गाठोडं दारूच्या बाटल्यांच्या मधोमध फळीवर ठेवलं आणि सुस्कारा सोडला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "तुमचं झारलांड आमच्यातून बाहेर पडणार. मग माझ्याकडे रविवारी येणार कोण?" मला वाटलं, बाईचा धंदा मंद दिसतोय. मी तिचा पाव विकत घेतला.

आता तू म्हणशील, बातमी तुम्हाला कळलीच नाही? कळली होती ग. आमची घरमालकीण फ्राऊ बेकर त्या आठवड्यात दुसरं काही बोलतच नव्हती. बाजार जर्मनीला जोडला जाणार, फ्रँक जाऊन मार्क येणार, जकातीचा नाका पूर्वेकडून उचलून फ्रान्सच्या बाजूला बसणार. रविवारी ती नातवाची बाबागाडी घेऊन पलीकडे गेली आणि येताना बाबागाडीत चीज, वर नातू! पण जकात म्हणजे चीजची नि साबणाची. मामंजींचा आणि जकातीचा काय संबंध? मामंजींना काही विकायचं का होतं?

सोमवारी सकाळी आम्ही मामंजींची ट्रंक घेऊन हद्दीवर पोचलो. मादामचा नवरा आपल्या पावाच्या गाडीतून त्यांना फ्रेंच बाजूच्या स्टेशनवर सोडणार, तिथून मार्सेयची गाडी, असं सगळं ठरलेलं. पाहते तर जत्रा! नवा कोरा आडवा दांडा, नवे कोट घातलेले जर्मन शिपाई, पलीकडे फ्रेंच शिपाई, आणि दांडा बघायला लोटलेलं अर्धं गाव. कालपर्यंत हद्द ओलांडून फिरायला जाणारी माणसं आज हद्दच बघायला आली होती! लोक दांड्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. फ्राऊ बेकर तर अंड्याची सँडविचं बांधून आली होती.

"पासपोर्ट, बिट्टे," शिपाई म्हणाला.

"पलीकडे आहे," मामंजी इंग्रजीत म्हणाले.

"पलीकडे जायला पासपोर्ट लागतो."

"गेनाऊ! म्हणून तर आणायला चाललोय."

(गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तीन आठवड्यांत मामंजी एवढाच शब्द शिकले होते, तोही नेमका इथे वापरला.)

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "पासपोर्ट पलीकडे कसा?"

"प्रस्थानात."

"प्रस्थानात कोणी ठेवला?"

"शास्त्रानं," मी म्हटलं.

"अहो अप्पा!"

"ओरडू नकोस. दुसरं कोणी जाऊन घेऊन या."

पण जाणार कोण? मी ह्यांच्याच पासपोर्टवर होते, आणि तो पासपोर्ट मुक्कामाची मुदत वाढवायला परदेशी लोकांच्या कचेरीत पडलेला. गाडीची वेळ जवळ येत चाललेली. मला डोळ्यांपुढे सासूबाई दिसायला लागल्या. त्यांना मी दिसत नव्हते, एवढाच दिलासा.

शेवटी फ्राऊ बेकर पुढे झाली. तिच्याकडे ओळखपत्र होतं. सँडविच माझ्या हातात देऊन ती रुबाबात पलीकडे गेली आणि थोड्या वेळानं गाठोडं छातीशी धरून परत यायला निघाली. मी देवाला हात जोडले. तेवढ्यात मामंजी गरजले, "थांबा! आणू नका! प्रस्थान मागे फिरवलं की प्रवास मोडला!"

ह्यांनी ते जर्मनमध्ये सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण फ्राऊ बेकर दोन दांड्यांच्या मधोमध गपकन थांबली.

"आल्झो, मग," ती म्हणाली, "मी आता कुठे जाऊ?"

"निदान गाठ सोडून पासपोर्ट तेवढा काढून द्या!" हे म्हणाले.

"गाठ प्रवाशानंच सोडायची असते," मामंजी म्हणाले.

"अप्पा, बोट जाईल!"

"जाऊ दे. साताऱ्याचा हेडमास्तर अमावस्येला मोडक्या प्रस्थानावर समुद्रात उतरणार नाही. मी राहीन पुढच्या बोटीपर्यंत."

ते ऐकल्यावर मुक्ते, माझ्या अंगात आलं! दीड खोली! मी दांड्यावर हात आपटून त्या शिपायाला माझं होतं नव्हतं तेवढं जर्मन ऐकवलं. बटाटे, कांदे, म्हातारी आई, डोळा, बोट, सगळं. मागे मोटारी भोंगे वाजवत होत्या. मादाम कॉफीचा ट्रे घेऊन रांगेत फिरायला लागली होती. (धंदा बुडतो म्हणणारीचा गल्ला इतक्या सकाळी कधी भरला नसेल.) शिपाई घामाघूम झाला. त्याचा नव्या दांड्यावरचा पहिलाच दिवस. त्यानं फ्रेंच शिपायाकडे पाहिलं, फ्रेंच शिपायानं खांदे उडवले.

"दोन दांड्यांच्या मधे जाऊ दे त्यांना," जर्मन शिपाई म्हणाला. "ती जागा कोणाची, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मामंजींनी क्षणभर विचार केला. "वेशीच्या बाहेर आहे का?"

"आहे!" आम्ही सगळे ओरडलो. फ्राऊ बेकरसुद्धा, न कळता.

मग मामंजी जोडे काढून भर रस्त्यात मांडी घालून बसले. फ्राऊ बेकरनं गाठोडं पुढ्यात ठेवलं. दोन देशांचे शिपाई वाकून बघत असताना त्यांनी गाठ सोडली, हळदीच्या तांदळातून पासपोर्ट वर काढला, कपाळाला लावला आणि दोघांना एकेकदा दाखवला. जर्मन शिपायानं सुपारी चिमटीत धरून विचारलं, "हा माल का?" हे म्हणाले, "नाही, मुहूर्त." त्याला जकात नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. कोणाच्या तरी घरच्या आल्बममध्ये आमचे मामंजी अजून रस्त्यात मांडी घालून बसलेले असतील.

गाडी मिळाली, बोट मिळाली. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी मामंजींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "किती वाळलात हो! सूनबाईनं जेवायला घातलं नाही का?"

पण ते पुढे. त्या दिवशी मामंजी जोडे घालून पलीकडे निघाले आणि मला आठवलं, नमस्कार राहिला! सासरे एवढ्या लांब चाललेत आणि सून वाकली नाही, हे साताऱ्यात कळलं असतं तर? मी फ्राऊ बेकरची सँडविचं ह्यांच्या हातात कोंबली, पदर खोचला, दांड्याखालून वाकून गेले ती धावत सुटले. दुसऱ्या दांड्याखालूनही तशीच, ट्रंकेच्या मागून, फ्रेंच शिपाई मामंजींना शिक्का मारत असताना. पावाच्या गाडीपाशी मामंजींना गाठलं, खाली वाकले.

"अखंड सौभाग्यवती भव," मामंजी म्हणाले. गाडी गेली. मी उठून मागे वळले.

"पासपोर्ट, सिल व्हू प्ले," फ्रेंच शिपाई म्हणाला.

माझं सौभाग्य दोन दांड्यांपलीकडे सँडविच हातात धरून उभं होतं! हे त्या परदेशी लोकांच्या कचेरीत गेले, कचेरी दुपारी बंद झालेली. दुसऱ्या दिवशी हे पासपोर्ट घेऊन येईपर्यंत, तो दिवस आणि दुसरी सकाळ, मी मादामच्या मोरीत कप विसळत फ्रान्सची सहल केली. रांग पाहायला आलेल्या माणसांना मादाम कॉफी देताना मला बोटानं दाखवायची, "ही पण बघून जा."

तेव्हा रांगेत उभं राहायला लाजू नकोस, आणि सुट्टी लागली की लवकर ये माझ्याकडे. फक्त आल्याआल्या नमस्काराला वाकू नकोस. आमच्या घराण्यात वाकणाऱ्या बाईचं काही खरं नाही, ती कुठल्या देशात सरळ होईल सांगता येत नाही.