अधिक महिन्यातले अनारसे आणि चार नंबरची खाट

"सिस्टर, चार नंबरला ते दुखण्याचं इंजेक्शन देऊ नका! याच्या लघवीत अफू निघालीय, अफू!"

डॉक्टर वॉर्डाच्या दारातून ओरडला, आणि चार नंबरच्या खाटेवर मी होतो. बाहेर अख्ख्या सावेडी उपनगरातल्या रिक्षा जागच्या जागी थांबल्या असतील, असा तो आवाज. पाच नंबरवाल्यानं मोबाईल उशीखाली सारला. सोनईहून डबा घेऊन आलेल्या माझ्या सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी स्टूल हातभर मागं घेतलं. आणि मी, ज्याला गप्पांच्या फडात गप्प बसवायला आजवर दोनदा लाईट घालवावी लागलीय, तो मी तोंड उघडं टाकून नुसता बघत राहिलो.

दोष थोडा माझा. सकाळी स्कूटरपुढं वळू आला, मी पडलो, नडगीचं हाड मोडलं. तपासताना याच डॉक्टरला मी सांगितलं, की वळू साखर कारखान्याच्या बॉयलरएवढा होता आणि मी स्कूटरसकट त्याच्या पाठीवरून पलीकडं उतरलो. सोनईत माझ्या असल्या थापेवर लोकांनी चहा मागवला असता. यानं लघवी मागवली.

"पण लघवी तर शुगर बघायला म्हणून घेतली होती," उशाशी उभी असलेली बायको म्हणाली. "नशेची तपासणी करतोय, असं आम्हाला कुणी विचारलं?"

"दाखल होताना सही केलीत ना? त्यात सगळं येतं."

"आणि हे अख्ख्या वॉर्डाला ऐकवायचं, तेही त्या सहीत येतं?"

"मॅडम, तपासणीची पट्टी खोटं बोलत नाही. नशा करणाऱ्याला तसलं इंजेक्शन आम्ही देत नाही. साधी गोळी मिळेल."

साधी गोळी! माझ्या पायात कारखान्यातली ऊस ओढून नेणारी गव्हाण फिरत होती, आणि त्यावर साधी गोळी.

सासूबाई खाली वाकल्या. "जावईबापू, माज्या लेकीच्या गळ्याची आण घेऊन सांगा. कधीपासनं घेता?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मामी, तुमचे अनारसे!"

अधिक महिना चालू होता. आमच्याकडं अधिकात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. तांब्याच्या ताटात मांडून वर दिवा ठेवतात, आणि ते जावयानं घरात, शेजारीपाजारी वाटून खायचं असतं. सासूबाईंचा अनारसा म्हणजे एका अंगाला खसखस अशी गच्च, की खाली पीठ आहे हे विश्वासानंच धरायचं. आणि खसखस येते अफूच्याच बोंडातून.

"डॉक्टर, मी दोन दिवसांत तेहेतीस अनारसे खाल्लेत. खसखशीचे!"

डॉक्टर सिस्टरकडं बघून हसला. "सकाळी वळू बॉयलरएवढा होता. आता अनारसे तेहेतीस."

जन्मात एकदा मी मोजून खरं बोललो होतो. कुणाचा विश्वास नाही.

सासूबाई मात्र ताडकन उठल्या. "ओ डाक्टर, हसता काय? तेहेतीसच दिलेत मी. खसखस माज्या हातानं लावली." मग सावकाश माझ्याकडं वळल्या. "पन सगळे तुमीच खाल्ले व्हय? माज्या लेकीला येक बी न्हाई?"

"मला म्हणाले, गल्लीत वाटले," बायको म्हणाली. ते मी नंतर वर्षभर भोगलं. पण त्या घटकेला ती वाघीण माझ्याच बाजूनं उभी राहिली. "डॉक्टर, तुमच्या पट्टीला अनारसा आणि अफू यांतला फरक कळतो का? कळत नसेल तर नमुना मोठ्या लॅबला पाठवा. तो आमचा हक्क आहे."

कुरकुरत नमुना पुण्याला गेला. तो येईतो मी गोळ्या चघळत पडलो. चहावाला कप हातात न देता पायाशी ठेवून जाई. तीन नंबरचे आजोबा घरी सुटले ते श्रीरामपूरला, आणि तिथून माझ्या मावसभावाचा फोन: "दादा, अफू घेत असशील तर सांग, ओळखीचं व्यसनमुक्ती केंद्र हाय." एवढ्या वेगानं तर आमच्याकडं ॲम्ब्युलन्सही जात नाही.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. अंश अगदी नाममात्र, नशेच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, खाण्यातून आलेला असावा. डॉक्टरनं तो माझ्या खाटेशी, माझ्या कानापुरत्या आवाजात वाचला. सिस्टरनं इंजेक्शन दिलं. गव्हाण थांबली.

"आता त्या दारात उभं राहा," बायको म्हणाली, "आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगा, की अफू नव्हती."

अख्ख्या वॉर्डानं कान टवकारले. डॉक्टरनं अहवालाची घडी घातली, पेन खिशाला लावलं.

"कुणी विचारलं तर सांगू."