ऑर्व्हलच्या रायफलीचा कागद

ऑर्व्हल स्टेन्सरूडने रायफल काउंटरवर ठेवली. "नळी गेलीये हिची. विकून टाक."

मोंटानातल्या आमच्या गावात त्याला सगळेच अरेतुरे करतात, मीसुद्धा. चाळीस वर्षं धान्याच्या गोदामात नोकरी, आणि दर हिवाळ्याआधी एका एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची शिकार, एकाच गोळीत. मला नेम धरायला त्यानेच शिकवलं, तेही शिव्या घालत. मागच्या शिकारीच्या हंगामात मात्र त्याची गोळी एल्कच्या पोटात लागली आणि जनावर पळालं. दोन दिवस हा बर्फातून रक्ताचा माग काढत फिरला. सापडलं नाही. त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

"शनिवारी हंगाम सुरू होतोय म्हाताऱ्या, आणि आत्ता विकतोस?"

"नळी गेलीये म्हटलं ना. बहिरी झालीस का?"

माझ्या दुकानात जुनी रायफल अशी नुसती मांडणीत जात नाही. आधी मी ती मागच्या माळावर नेते, वाळूच्या पिशवीवर टेकवते आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडते. तो कागद रायफलीसोबत टांगायचा, खाली जुन्या मालकाची सही. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर नाही, त्या कागदावर विश्वास ठेवतं.

"कागद राहू दे," ऑर्व्हल म्हणाला. "नळी खराब, एवढं लिही."

"वा! म्हणजे उद्यापासून लोक मला खोटारडी म्हणणार."

मी गेले, तीन गोळ्या झाडल्या, परत आले. तिन्ही भोकं एका बोटाखाली झाकली जात होती. कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो नीट पाहिलाही नाही, नुसता अंगठा फिरवला.

"गोळ्या कुठल्या?"

"तुझ्याच पेटीतल्या."

"वरची नेमाची दुर्बीण सरळ केलीस?"

"हातही लावला नाही."

बराच वेळ तो अंगठा त्या भोकांवरच होता.

"म्हणजे नळी ठीक आहे," तो म्हणाला. "मग ते जनावर माझ्यामुळेच तसं गेलं." आवाजात काहीच नव्हतं. बातम्यांत हवामान सांगतात तसा.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी फडकं घेतलं आणि रायफलीचा बोल्ट, गोळी आत सारणारा दांडा, पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

"शनिवारी माझ्यासोबत चल," मी म्हणाले. "बंदूक मी धरते, तू नुसता बडबड कर."

"नको. पेन दे."

मी पेन दिलं. सहीची रेघ मी नेहमी जाड काळ्या शाईने मारते. तो वाकला, नाक कागदाला टेकेपर्यंत. सावकाश, एकेक अक्षर काढत त्याने पूर्ण नाव लिहिलं. रेघेच्या खाली, चांगलं दोन बोटं खाली, निम्मं काउंटरच्या लाकडावर.

पेन ठेवून त्याने विचारलं, "रेघेवर आली ना?"

"आली," मी म्हणाले.