पाखऱ्याचा मागचा पाय

“सारा जलम बैलाच्या मागं गेला तुमचा, अन् कोनता पाय आंदी उचलते थे ठाव नाई?”

“ठाव कावून नाई? पुढचे दोन, मंग मागचे दोन.”

“बैल हाय का बेंडूक?”

आचल खुदकन हसली आणि आबाजींचा चेहरा पाहून तिने हसू गिळलं. आबाजी, म्हणजे शालिकराम, जेवणाच्या टेबलावर कमरेतून वाकले होते. त्यांच्या चिमटीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक पांढरा बैल होता. टेबलाच्या पलीकडे आचलची आजी, वच्छलाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या. भांडण सकाळचं होतं. मधे जेवणं झाली, भांडी घासून झाली, पण भांडण जिथे ठेवलं होतं तिथेच सापडलं.

नऊ वर्षांच्या आचलला हा नाद शेजारच्या एका मुलीने लावला होता. खेळणं चिमूटभर सरकवायचं, फोटो काढायचा; पुन्हा सरकवायचं, पुन्हा फोटो. मग सगळे फोटो भराभर दाखवले की खेळणं आपलं आपण चालतं. मनोजने लेकीच्या वाढदिवसाला आणलेल्या डब्यात घराचे, मोटारीचे, आगीच्या बंबाचे ठोकळे होते. आचल बंब जोडायला बसली होती, आणि आबाजींनी त्यातून बैल काढले. मागेपुढे होणाऱ्या पायांचे, शिंगांचे. कपाळावर दोन तांबडे ठिपके तो पाखऱ्या. दुसरा हौश्या, पण पांढरे ठोकळे मधेच संपले, म्हणून त्याचा मागचा अर्धा भाग पिवळा झाला.

“हौश्याले कावीय झाली वाट्टे,” वच्छलाबाई म्हणाल्या होत्या.

जमिनीचं मात्र नवऱ्याबायकोचं एकमत झालं. काळी माती हवी तर काळीच हवी. आठवडाभर घरातल्या चहाचा चोथा गच्चीवर वाळत पडला, आणि मग तो परातीतून टेबलावर पसरला गेला. सून वर्षाली एवढंच म्हणाली, “बाबा, मुंग्या झाल्या टेबलावर.” त्यानंतर घर खाली बसून जेवू लागलं.

आणि आज सकाळी पहिला सिनेमा लागला. वर्षालीच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर पाखऱ्या आणि हौश्या चहाच्या रानातून टणाटण उड्या मारत गेले. तेही पाठ करून. फोनखालचा डबा आबाजींनी ठेवला होता, बैलांच्या बरोबर मागे.

“आबाजी, तोंडच नाही दिसत त्यांचं,” आचल म्हणाली.

“तोंड कायले पायजे? वयखू तं येतात.”

त्यावरून जे सुरू झालं, ते अजून चालू होतं.

शालिकरामांचं शेत दर्यापूरकडचं. पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेणारी जमीन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलाने, मनोजने, दोघांना अकोल्याला, जुन्या शहरातल्या आपल्या माडीवरच्या घरी आणलं. शेत ठोक्याने, वर्षाच्या ठरल्या पैशांवर, कसायला दिलं आणि पाखऱ्या-हौश्याची जोडी देवमनला दिली. देवमन नात्याने पुतण्या, जित्राबाला जीव लावणारा. त्या दिवशी त्याच्या हातात दोर देऊन शालिकराम जे वळले, ते थेट जीपमध्ये जाऊन बसले. वच्छलाबाई गोठ्यातच रेंगाळल्या. दोन्ही कपाळांना कुंकू लावून, तोंडांवरून हात फिरवून निघाल्या. जीपवाला हॉर्न वाजवून थकला. शालिकराम समोरच्या काचेतून रस्ता पाहत राहिले.

त्यानंतर ते पोळ्याला गावी गेले नाहीत. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली, ज्याच्या हातात दोर तो उभा राहतो, बाकीचे बघे. देवमन मात्र दरसाल फोन करी, “काका, या. जोडी तुमचीच हाय.” शालिकराम म्हणत, “पाहू.” पाहू म्हणजे नाही, हे आता देवमनलाही कळत असे.

एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. अकोल्यात आल्यापासून त्यांना दुपारी झोप लागे, आणि त्या झोपेत रोज बैल येत. येत म्हणजे खरं तर जात. दोन शेपट्या, दोन डोलणारे पुठ्ठे, शिंगांच्या मधे सापडलेला आभाळाचा तुकडा. खाली माती उलगडत जायची, ओली, काळी, वास येणारी. मग एकाएकी हातातला दोर हलका लागे. बैल पुढे जात राहत, लहान होत होत नांगराच्या तासाच्या टोकाला पोचत, आणि वळत नसत. शालिकराम हाक मारायला तोंड उघडत आणि खालच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या आरोळीने जागे होत. पांघरूण अंगावर असे. दोर नसे.

“तुमी चालताना कवा पाह्यलं त्याइले?” वच्छलाबाई आता म्हणाल्या. “मागून पाह्यलं.”

शालिकराम आठवू लागले. बैल उभे पाहिले होते, बसलेले पाहिले होते, वैरण खाताना, पाणी पिताना, नाकातून वेसण ओवताना अगदी डोळ्याला डोळा देऊन पाहिले होते. पण चालताना? चालताना ते स्वतः मागेच होते.

“गावात लोकाइचे बैल नोते का?” बाईंनी विचारलं.

“लोकाइच्या बैलाकडं कोन पाहते?”

हे मात्र वच्छलाबाईंना पटलं. त्या कमरेवरचे हात काढून खुर्चीवर बसल्या.

“मी पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “भाकर घेऊन वावराच्या कडंले धुऱ्यावर उभी राहो ना, तवा समोरून येत. पाखऱ्याचा पुढचा पाय उठला का तिथंच मागचा पडे. सकायी सडा टाकाले गेली का अंगनात खुरात खूर राहे. तुमाले वाटते बेंडकावानी उड्या मारत जात?”

“मले नाई पटत.”

“मंग व्हा मागं.”

“काय?”

“मी पुढचे पाय. तुमी मागचे. उठा.”

तेवढ्यात शालिकरामांचा बटणांचा फोन वाजला. पोळा चार दिवसांवर आला होता, त्यामुळे कुणाचा असणार हे सगळ्यांना कळलं. फोन वच्छलाबाईंनीच घेतला. “हो रे देवमन. हाय ना. नाई, आता नाई बोलत थे, बैल होऊन राह्यले.” आणि फोन ठेवून दिला.

बाई पुढे उभ्या राहिल्या. शालिकरामांनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. आचलने खडू आणून फरशीवर पावलं काढायची तयारी केली. वर्षाली हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

बाईंनी डावं पाऊल उचललं. त्या जागी शालिकरामांचं डावं पडलं. मग उजवं. ऑपरेशनचा गुडघा कुरकुरला, पण चाल बसत गेली. भिंतीपाशी वळण, पुन्हा दारापर्यंत, पुन्हा वळण. बाईंच्या पातळाला भिजलेल्या डाळीचा वास येत होता. त्यांची टाच उचलली जाई, फरशीवर क्षणभर ओलसर ठसा राही, आणि तो पुसायच्या आत त्यावर यांचा पाय पडे. शालिकरामांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी कळत होतं, पुढे काय आहे. मऊ जमीन होती, तासाचं टोक अजून लांब होतं, आणि कुठे तरी घुंगरं वाजत होती.

“काय चालू हाय हे?” दारात मनोज उभा होता. हातात हेल्मेट.

“बैल,” वर्षाली म्हणाली आणि आत पोळ्या लाटायला गेली.

पुढच्या दिवशी दुपारी दुसऱ्या सिनेमाला हात घातला. “आबाजी, फोन कुठे ठेवू?” आचलने विचारलं. आबाजींचं बोट सवयीने बैलांच्या मागे गेलं. वच्छलाबाईंनी डबा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

“इथून. मी उभी राहो तिथून.”

पुढचे पाय बाईंकडे, मागचे शालिकरामांकडे. आचल ओरडे, “हात!” की चारही हात मागे. टिक. पुन्हा चिमूटभर. “हात!” टिक. चहाच्या मातीत खुराचे ठसे उमटत गेले, आणि एकेका ठशात दुसरा. खिडकीतलं ऊन श्रावणातलं, धड टिकेना. ढग आला की आचल कपाळावर हात मारी. “सगळं बिघडलं! उजेड बदलला!” ऊन परत यायची वाट पाहत तिघं बसत. खालून भाजीवालीची आरोळी येई, मुंग्या आपल्या वाटेने हौश्याच्या पोटाखालून जात, आणि शालिकरामांना आपण नक्की कुठे बसलो आहोत याचा मधेच विसर पडे.

चारच्या सुमारास आचलने फोन त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर आधी नुसतीच काळी माती. मग टेबलाच्या पार टोकाला दोन ठिपके हलले. ठिपक्यांना शिंगं आली. ढगाची सावली रानावरून सरकत गेली, खरोखर रानावरून जाते तशी, आणि मागोमाग ऊन आलं. बिघाड म्हणून जो आचल रडवेली झाली होती, तो हा. पाखऱ्याचा पुढचा पाय उठला, तिथे मागचा पडला. हौश्या किंचित मागे, त्याच्या खोडीप्रमाणे. दोघं येत होते. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. कासरा नव्हता, हाकारणारा माणूस नव्हता. तरी येत होते. मोठे होत होत अगदी जवळ आले. पाखऱ्याच्या कपाळावरचे तांबडे ठिपके धूसर झाले, नाक काचेला लागल्यासारखं झालं, आणि तो थांबला.

“आनखी लाव,” शालिकराम म्हणाले.

आचलने लावला. पुन्हा लावला. मग कसं लावायचं ते त्यांना दाखवून ती खाली खेळायला पळाली. वच्छलाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनीही दोनदा पाहिला.

“असे येत?” शालिकरामांनी विचारलं.

“असेच येत.”

“माह्या पुढं पुढं.”

“अन् माह्याकडं,” बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत बसल्या.

दिवेलागणीला सगळी खाली पंगतीने जेवायला बसली. टेबलावर अजून रान होतं. “आई, उद्या आवरू का ते?” वर्षालीने विचारलं. “पोळ्याला पुरण करायचं, जागा लागेल.” मनोज म्हणाला, पोळ्याला त्याला सुट्टी आहे, दिवसभर लोळणार.

शालिकरामांनी भाकरीचा तुकडा मोडला. ताटातून मान वर काढली नाही.

“पुरन तिकडं करू. पोयाले आपन सारे गावाले चाललो. देवमनले सांगतलं मी. दोर थोच धरीन. मी समोर उभा राहतो.”