तुरीच्या शेंगांची ओटी

मालेगावला (जहांगीर) बस बदलताना माझी पाण्याची बाटली पहिल्याच बसमध्ये राहिली, म्हणजे प्रवास रीतसर सुरू झाला. पुण्याहून निघताना मुलगा म्हणाला होता, “आई, वाशिमकडे बघण्यासारखं काय आहे?” मी म्हटलं, “कमळ आहे.”

कमळ माझी धाकटी मावसबहीण, वाशिमजवळच्या अनसिंगला राहणारी. नवऱ्याला एचआयव्ही होता हे तिला तो गेल्यावर कळलं, आणि पाठोपाठ स्वतःलाही आहे हे कळलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. वाशिमच्या सरकारी दवाखान्यातून ती गोळ्या आणते, नेमाने घेते, आणि तब्येतीने माझ्यापेक्षा खणखणीत आहे. तिथल्याच डॉक्टरांनी तिला गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. बाईसाहेब टाळत होत्या. शेवटी फोनवर म्हणाली, “तू आली तं जातो.” (इकडे बायकाही ‘जातो-येतो’च म्हणतात.)

वाशिमहून अनसिंगचा रस्ता हरभऱ्याच्या हिरव्या शेतांमधून जातो. तुरी काढणीला आल्या होत्या. घरी पोचले तर कमळ सोल्यांची भाजी (सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे) फोडणीला घालत होती. सोबत गरम भाकरी आणि ठेचा. मी लाज सोडून जेवले. तिने मात्र अर्ध्या भाकरीवर हात धुतले.

“मले गोळ्या चालू हायेत ना?” ती म्हणाली. “रक्तात वायरस दिसतच नाई म्हंतेत. मंग हे कायले?”

मी काही बोलण्याआधीच तिचा आवाज खाली गेला. “पिशवी काढून टाकतीन, ताई. थो गेला तवापासून कोनी माही ओटी नाई भरली. आता पिशवी बी गेली तं बाई म्हनून काय राह्यलं माह्याजवळ?”

मला रडू आलं आणि रागही आला. मीही विधवाच. संक्रांतीनंतर आमच्या इमारतीत हळदीकुंकवाची धांदल असते, माझ्या दाराची बेल तेवढी वाजत नाही. ‘त्यात काय एवढं’ असं मी चारचौघांत म्हणते आणि घरात टीव्हीचा आवाज वाढवते. कमळला मात्र तसं म्हणता येईना. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सकाळी वाशिमला गेलो. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो, तेव्हा सिस्टरने समजावून सांगितलं, “तुमच्या गोळ्या एचआयव्हीला दाबून ठेवतात. एचपीव्ही हा वेगळा विषाणू. पुष्कळ बायकांना होतो आणि आपोआप जातो. पण एचआयव्ही असलेल्या बाईच्या अंगात तो जास्त रेंगाळतो. फार रेंगाळला तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तुम्ही तर न चुकता तपासायचं.”

कमळने मान डोलावली, सगळं पटल्यासारखी. मग म्हणाली, “चहा पिऊन येतो,” आणि चहाची टपरी मागे टाकून थेट बसस्टँडच्या दिशेने निघाली. मी मागे. माझे गुडघे, तिची चाल! नशीब, समोरून प्रभाताई आल्या. ह्या मंगरूळपीरकडच्या, गोळ्या घ्यायला येता-येता कमळशी मैत्री झालेल्या. हातात थैली, थैलीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा.

“काय वं, कुठी पळून राह्यली?”

गर्भाशयाची पिशवी काढून टाकतील, ही भीती कमळने सांगितली. प्रभाताई मोठ्याने हसल्या. “मले डाग निंगाला होता. गरम करून जाळला. माही पिशवी जठीच्या तठी हाय. चाल, मी दारात उभी राह्यतो.”

आत मला सोबत राहू दिलं. कमळने माझं बोट असं आवळलं की अंगठी रुतली. डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाशी व्हिनेगरसारखं पाणी लावलं आणि थोडं थांबल्या. एक पांढरा डाग दिसत होता. हा कॅन्सर वाटत नाही, त्याच्या आधीची पायरी असू शकते, त्या म्हणाल्या. लहान आहे, आत्ताच जाळू, पिशवी काढायची नाही. कमळने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिनेही हलवली.

फार वेळ लागला नाही. पोटात कळ आली तेव्हा तिने “माय वो” म्हटलं, तेवढंच.

“झालं?”

“झालं.”

“पिशवी?”

“आहे तिथेच आहे.”

काही आठवडे अंगावरून पाणी जाईल, ताप आला किंवा रक्त गेलं तर लगेच यायचं, आणि वर्षाने पुन्हा दाखवायचं, असं बजावून डॉक्टरांनी सोडलं. बाहेर बाकावर बसल्यावर कमळला रडू फुटलं. रडता रडता तिने प्रभाताईंना ओटीचंही सांगितलं.

प्रभाताई विचारात पडल्या. “आमी बुद्धाचे. आमच्यात ओटी-बिटी नाई.” मग थैली उघडली. “पन तुले पाह्यजे ना? मंग धर पदर.”

“अवं, ओटीले तांदूळ लागतेत,” कमळ म्हणाली.

“तांदूळ कुठून आनू अठी? धर!”

सरकारी दवाखान्याच्या ओसरीत, मीठ लावलेल्या उकडलेल्या शेंगांनी कमळची ओटी भरली गेली. पदर ओला झाला. त्यातल्या मूठभर शेंगा तिने माझ्या पदरात टाकल्या. ओटी वाटायची नसते, असं मी म्हणायला गेले, तर म्हणाली, “खाय गुमान.” परतीच्या बसमध्ये दोघी शेंगा सोलत बसलो. इतक्या गोड शेंगा मी आजवर खाल्ल्या नव्हत्या.

पुण्याला आले. मुलाने विचारलं, “काय बघितलंस?” त्याला काय सांगणार? शेजारी हळदीकुंकू चाललं होतं. त्या दिवशी मी टीव्ही लावलाच नाही, आणलेले सोले निवडत बसले. तेवढ्यात कमळचा फोन आला. तब्येत बरी होती.

“ताई, वर्षानं जायाचं हाय ना, तवा मी तांदूळ नेतो.”

“कशाला गं? प्रभाताई आणतील की शेंगा.”

“माह्यासाठी नाई. एकांदी नवी बाई भिऊन पळून राह्यली असंन तठी. तिची ओटी भरतो.”